प्रवाळाची साक्ष आणि प्रवाहाचे अनुमान

हवामानात पडणाऱ्या फरकाने समुद्रातील प्रवाहांची गती व दिशा बदलते काय, हा प्रश्न विचारावयास सोपा असला, तरी त्याच्या उत्तरास लागणारी प्रत्यक्ष मापने फार थोड्या काळाची आहेत. उष्ण कटिबंधातील पॅसिफिक महासागरावर मापनयंत्रे बसविलेल्या व नांगरून ठेवलेल्या बोयांची साखळी उभारण्याचे काम १९९४ मध्ये पुरे झाले. समुद्रपृष्ठाच्या उंचीचे उपग्रहांवरून होणारे अचूक व अखंड मापन १९९२ पासूनचे आहे. त्याआधीच्या काळासाठी जहाजांच्या नोंदवह्यांतील पाण्याची तापमाने उपलब्ध आहेत खरी. परंतु जहाजे जेथून जात तेथीलच ती आहेत, आणि पॅसिफिकच्या मध्यभागातून फारशी जहाजे जात नसत. एल् निनो ही घटना दोन ते सात वर्षांच्या अंतराने येते, आणि तिच्या जोरातील चढउतार कित्येक दशकांचे असतात. अशा घटनेचा स्वभाव बदलला की नाही हे तीस-चाळीस वर्षांच्या मापनांवरून ठरवू पाहणे म्हणजे एखाद्या भाषेचा इतिहास एका पिढीच्या बोलण्यावरून लिहू पाहण्यासारखे आहे.

ही उणीव भरून काढण्यासाठी गेल्या सुमारे पन्नास वर्षांत ज्या साधनाचा आश्रय अधिकाधिक घेतला गेला, ते साधन म्हणजे प्रवाळांचे सांगाडे होत. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने या विषयास हात घालावा याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु या संशोधनातील खरी अडचण रसायनशास्त्राची जितकी आहे तितकीच प्रमाणविचाराची आहे. एक जुना, अपुरा, कोणीही हेतुपुरस्सर न लिहिलेला लेख हाती आहे. त्यातील प्रत्येक चिन्हास एकाहून अधिक कारणे संभवतात. आणि आपणास जे जाणून घ्यावयाचे आहे ते त्या लेखात कोठेही सरळ आलेले नाही. अशा स्थितीत कोणता निष्कर्ष काढणे न्याय्य आहे, हा प्रश्न आपल्या अभ्यासक्षेत्रालाही परका नाही.

प्रथम वस्तूचा परिचय करून घेऊ. संस्कृतातील ‘प्रवाल’ या शब्दाचा एक अर्थ कोवळा अंकुर असाही आहे, आणि त्याच शब्दाचे प्राकृतातून उतरलेले रूप म्हणजे मराठी ‘पोवळे’. दोन्ही अर्थ एका शब्दात नांदतात, यावरून प्राचीनांनी या वस्तूस वनस्पतींच्या पंक्तीत बसविले असावे असे वाटते. अंगठीत जडविले जाणारे तांबडे पोवळे मुख्यत्वे भूमध्य समुद्रातील निराळ्या जातीचे असते. येथे ते अभिप्रेत नाही. येथे अभिप्रेत आहेत ते उथळ, उष्ण समुद्रात भित्ती व कंकणाकृती बेटे रचणारे प्रवाळ, आणि त्यांतही विशेषेकरून ‘पोरायटीस’ या नावाने ओळखली जाणारी, मोठाल्या घुमटांच्या आकाराने वाढणारी प्रजाती. घुमटाच्या केवळ वरच्या पातळ थरात जीव असतो. तो समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम व कार्बन घेऊन आपल्या पायाखाली चुन्याचा सांगाडा घालीत जातो व दर वर्षी एक ते दोन सेंटिमीटर वर चढतो. त्याच्या ऊतींत सूक्ष्म शैवले वस्तीस असतात; प्रवाळाचे बरेचसे पोषण आणि त्याचा रंगही त्यांच्यामुळे असतो. पाणी प्रमाणाबाहेर तापले की ही शैवले बाहेर टाकली जातात व प्रवाळ पांढरा पडतो. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार असल्याने येथेच सांगून ठेवली आहे.

तीन मीटर उंचीच्या घुमटात या हिशेबाने दोनशे वर्षांचा सांगाडा साठलेला असतो. पाण्याखाली चालणाऱ्या गिरमिटाने त्यातून उभा दंडगोल काढून घेतात व राहिलेले भोक बुचाने बंद करतात. प्रवाळ त्यावरून पुन्हा वाढत जातो. दंडगोल उभा चिरून त्याच्या पातळ फळीचे क्ष-किरणचित्र घेतले असता झाडाच्या खोडातील वलयांप्रमाणे दाट व विरळ असे पट्टे एकाआड एक दिसतात. एक दाट व एक विरळ पट्टा मिळून एक वर्ष होते, हे आज पाठ्यपुस्तकातील वाक्य झाले आहे. परंतु ते सिद्ध कसे झाले हे पाहण्यासारखे आहे. मार्शल बेटांपैकी एनिवेटोक या प्रवाळद्वीपावर अमेरिकेने १९४८ ते १९५८ या काळात अण्वस्त्रांच्या चाचण्या केल्या. त्यातून पाण्यात उतरलेली किरणोत्सारी द्रव्ये तेथील प्रवाळांच्या त्या त्या वेळच्या थरात बंदिस्त झाली. चाचण्यांच्या तारखा ठाऊक होत्या. नटसन, बुडेमायर व स्मिथ या संशोधकांनी १९७२ मध्ये हे किरणोत्सारी थर क्ष-किरणचित्रातील पट्ट्यांशी ताडून पाहिले व पट्टे वार्षिक असल्याचे दाखविले. शिलालेखात ज्ञात राजाचे राज्यवर्ष आढळावे, तसे हे झाले. ज्या कृत्याने त्या बेटाचा काही भाग नष्ट केला, त्याच कृत्याने उरलेल्या भागास कालनिर्देश दिला.

फळीवरून अगदी बारीक अंतराने चूर्ण खरवडून घेतात, आणि एका वर्षाचे दहा-बारा नमुने सहज मिळतात. या चूर्णात काय वाचावयाचे? हॅरॉल्ड यूरी यांनी १९४७ मध्ये दाखविलेले तत्त्व येथे मूलभूत आहे. ऑक्सिजनच्या अणूंत बहुसंख्य १६ भाराचे व थोडे १८ भाराचे असतात. पाण्यातून चुन्याचे क्षार तयार होताना जड ऑक्सिजनचे प्रमाण पाण्याच्या तापमानावर अवलंबून राहते. पाणी थंड असल्यास ते अधिक, उष्ण असल्यास कमी. प्रवाळांच्या बाबतीत एक अंश सेल्सिअस तापमानवाढीने हे प्रमाण हजारी सुमारे ०·२ ने उतरते. राशी लहान आहे, परंतु द्रव्यमान वर्णपटमापकास ती मोजता येते.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. अडचण यापुढे सुरू होते. सांगाड्यातील जड ऑक्सिजनचे प्रमाण जसे तापमानाने बदलते तसे ते मुळात पाण्यात किती जड ऑक्सिजन होता यानेही बदलते. बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन आधी उडून जातो, म्हणून खाऱ्या पाण्यात जड ऑक्सिजन अधिक राहतो. पावसाच्या पाण्यात तो कमी असतो, म्हणून पाऊस पडलेल्या समुद्रात तो घटतो. एकच चिन्ह, कारणे दोन. पाणी निवाले असे म्हणावे, की पाऊस कमी झाला असे म्हणावे?

लोकप्रिय लेखनात ‘प्रवाळांची भाषा’ असा शब्दप्रयोग वारंवार आढळतो. भाषेच्या अभ्यासकास तो खटकणे स्वाभाविक आहे, आणि हा खटका केवळ शब्दाचा नाही. भाषेतील चिन्हाचा अर्थ संकेताने ठरतो व ते वापरणाऱ्यास काही सांगावयाचे असते. प्रवाळास काही सांगावयाचे नाही. आपल्या नैयायिकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर प्रवाळ हे शब्दप्रमाण नव्हे, ते अनुमानाचे लिंग आहे. पर्वतावरील धुरावरून अग्नी जाणावा त्या जातीचे. या भेदाचा व्यावहारिक परिणाम असा की, शब्दप्रमाणात वक्ता आप्त आहे की नाही एवढे पाहावे लागते, तर अनुमानात हेतू व साध्य यांची व्याप्ती तपासावी लागते. जड ऑक्सिजन वाढला म्हणून पाणी थंड झाले, या अनुमानातील हेतू नैयायिक ज्यास सव्यभिचार म्हणतात तसा आहे. कारण साध्य नसतानाही, म्हणजे पाणी थंड न होता केवळ पाऊस हटल्यानेही, तो आढळतो. असा हेतू टाकून द्यावा लागत नाही. मात्र त्यास दुसऱ्या हेतूची जोड मिळेपर्यंत निर्णय थांबवावा लागतो.

ही जोड स्ट्रॉन्शियमने दिली. सांगाड्यात कॅल्शियमच्या जागी थोडे स्ट्रॉन्शियम शिरते. पाणी जितके उष्ण तितके ते कमी शिरते. समुद्राच्या पाण्यात या दोन धातूंचे परस्परप्रमाण पावसाने किंवा बाष्पीभवनाने जवळजवळ बदलत नाही, म्हणून हे लिंग बहुतांशी एकट्या तापमानाचे आहे. हा संबंध पूर्वीही सुचविला गेला होता, परंतु पुरेशा सूक्ष्मतेने तो मोजण्याची रीत बेक, एडवर्ड्‌स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केली. आता एकाच चूर्णाचे दोन भाग करून एकात स्ट्रॉन्शियम व दुसऱ्यात ऑक्सिजन मोजता येतो. पहिल्यावरून तापमान निघते. ते दुसऱ्यातून वजा केले की पाण्याच्या खारेपणाचा अंश उरतो. अर्थात वजाबाकी करताना दोन्ही मापनांतील चुका एकत्र येतात, आणि खारेपणाचा आकडा तापमानाच्या आकड्याइतका भरवशाचा कधीच नसतो. शोधनिबंध वाचताना याकडे लक्ष ठेवावे.

तापमान मिळाले, खारेपणा मिळाला, परंतु प्रवाह? प्रवाह ही पाण्याची गती आहे, आणि स्थिर बसलेल्या प्रवाळास गतीची नोंद करता येत नाही. तो आपल्याभोवती आलेल्या पाण्याचे गुण तेवढे नोंदवितो. ते पाणी कोठून आले हे ठरविण्यास, पाण्याच्या उगमाप्रमाणे बदलणारा एखादा गुण शोधावा लागतो. असा गुण म्हणजे कार्बन-१४. हा किरणोत्सारी कार्बन वातावरणाच्या वरच्या थरात निर्माण होतो, हवेतून समुद्राच्या पृष्ठभागी उतरतो आणि ५,७३० वर्षांत निम्मा होतो. शतकानुशतके खोल राहिलेल्या पाण्यात तो घटलेला असतो. हवेशी संपर्क असलेल्या पाण्यात अधिक असतो. त्यात १९५० नंतरच्या दशकातील व १९६० च्या सुरुवातीच्या अणुचाचण्यांनी उत्तर गोलार्धाच्या हवेतील कार्बन-१४ जवळजवळ दुप्पट केला, आणि पृष्ठजल व खोलजल यांतील अंतर एकाएकी ठळक झाले. समुद्रात रंग ओतून तो कोठे जातो ते पाहावे, तसा हा नकळत झालेला प्रयोग होय.

त्याचा सर्वात बोधप्रद उपयोग गालापागोस बेटांवर झाला. तो समजण्यास पॅसिफिकची रचना ध्यानात घेणे अवश्य आहे. विषुववृत्तालगत पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे व्यापारी वारे उष्ण पृष्ठजल पश्चिमेस, इंडोनेशियाच्या बाजूस, लोटतात. तेथे उष्ण पाण्याचा थर जाड होतो. पूर्वेस, दक्षिण अमेरिकेच्या बाजूस, तो पातळ राहतो व खालचे थंड पाणी वर येते. पृष्ठाखाली मात्र एक जोरकस प्रवाह याच्या उलट, पूर्वेकडे वाहतो. टाउनसेंड क्रॉमवेल यांनी १९५२ मध्ये तो शोधून काढला, आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. हा प्रवाह गालापागोसच्या पश्चिम अंगावर आदळून वर चढतो. व्यापारी वारे मंदावले की पश्चिमेचे उष्ण पाणी पूर्वेकडे सरकते, थंड पाण्याचे वर येणे कमी होते, आणि एल् निनो उद्भवतो. गालापागोसचा प्रवाळ अशा रीतीने दाराशी बसलेला आहे. खालचे पाणी वर आले की नाही हे त्याच्याइतके जवळून क्वचितच कोणास कळेल.

गिल्डरसन व श्राग यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात या बेटांवरील प्रवाळातील कार्बन-१४ ऋतुवार मोजला आहे. जुलै ते सप्टेंबर हे तेथे थंड पाणी वर येण्याचे महिने होत, आणि त्या महिन्यांत कार्बन-१४ दर वर्षी घसरतो. १९७६ च्या एल् निनोनंतर ही घसरण एकाएकी उथळ झाली. म्हणजे त्या ऋतूतील पाण्यात पूर्वीपेक्षा अधिक कार्बन-१४ दिसू लागला. त्याच ऋतूचे पृष्ठतापमानही त्याच वर्षापासून वर सरकले. तापमान एकटे वाढले असते तर अधिक सूर्यप्रकाश, कमी ढग, अशी अन्य कारणे देता आली असती. परंतु सूर्यप्रकाशाने पाण्यातील कार्बन-१४ वाढत नाही. दोन स्वतंत्र लिंगे एकाच वर्षी एकाच दिशेने वळली, तेव्हा वर येणाऱ्या पाण्याचे मिश्रणच बदलले, खोलातील वाटा घटून पृष्ठाजवळच्या पाण्याचा वाटा वाढला, हा निष्कर्ष भक्कम होतो. १९७६-७७ मध्ये पॅसिफिकच्या हवामानाने एक वळण घेतले हे इतर साधनांवरूनही ज्ञात होते. प्रवाळाने त्या वळणाची मुळे पृष्ठाखाली आहेत हे दाखविले. तथापि या वळणाचे मूळ कारण मानवकृत तापमानवाढ, की महासागराचे स्वतःचे दीर्घ दोलन, हे त्या पुराव्यावरून ठरत नाही. ते ठरविण्यास शतकांची नोंद लागते.

याच पद्धतीचे एक उदाहरण आपल्या घराजवळचे आहे, आणि ते इकडे फारसे ठाऊक नाही म्हणून थोडे विस्ताराने देतो. चक्रवर्ती, रमेश व कृष्णस्वामी या संशोधकांनी १९९४ मध्ये कच्छच्या आखातातील सुमारे चाळीस वर्षे वयाच्या प्रवाळाचे वार्षिक थर व मुंबईजवळील ठाणे येथील एका सागाच्या झाडाची वार्षिक वलये यांतील कार्बन-१४ मोजून प्रसिद्ध केला. सागाने हवेची नोंद ठेवली होती, प्रवाळाने पाण्याची. ठाण्याच्या सागात कार्बन-१४ ची कमाल वाढ १९६४ या वर्षाच्या वलयात, हजारी सुमारे ६३० इतकी आढळली. उत्तर गोलार्धाच्या हवेची सरासरी कमाल वाढ हजारी १,००० च्या आसपास होती. हवेत किती होता व पाण्यात किती उतरला हे एकदा कळले, की हवेतून किती आला आणि खुल्या अरबी समुद्राच्या पाण्याबरोबर किती आला याचा हिशेब मांडता येतो. तो मांडून त्यांनी आखात व अरबी समुद्र यांमधील पाण्याच्या निव्वळ वहनाचा वेग वर्षाला सुमारे २८ मीटर असा काढला. कच्छच्या भरतीओहोटीचे जोरदार ओढ ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हा आकडा हास्यास्पद वाटेल. परंतु भरतीचे पाणी आत येते व बहुतेक तेच पुन्हा बाहेर जाते. वर्षाअखेर नवे पाणी किती उरले, एवढेच प्रवाळास कळते. एकाच ‘प्रवाह’ या शब्दाखाली किती भिन्न राशी वावरतात आणि प्रवाळ त्यांपैकी कोणत्या राशीविषयी बोलतो, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मला आढळले नाही.

प्रवाहांना चालना देणाऱ्या वाऱ्यांचीही नोंद प्रवाळात कधी कधी सापडते. किरिबातीमधील तरावा या कंकणद्वीपाचे खाजण पश्चिमेकडे उघडे आहे. नेहमीचे वारे पूर्वेचे असल्याने खाजण शांत राहते. पश्चिमेचा वारा सुटला की त्याचा तळ ढवळून निघतो व गाळातील मँगनीज पाण्यात मिसळते. बाहेरील प्रवाळाच्या थरात मँगनीज वाढले म्हणजे त्या सुमारास पश्चिमेचे वारे वाहिले होते. थॉम्पसन, कोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये या नोंदीवरून असे दाखविले की, विसाव्या शतकाच्या आरंभी, विशेषतः १९१० ते १९४० या काळात, जेव्हा पृथ्वीचे तापमान झपाट्याने वाढले तेव्हा व्यापारी वारे दुर्बल होते, आणि १९४० नंतर ती वाढ मंदावली तेव्हा वारे सबळ होते. हे अनुमान त्या एका खाजणाच्या आकारावर उभे आहे. दुसऱ्या बेटावर मँगनीज मोजून हेच बोलता येणार नाही. व्याप्ती स्थानिक असू शकते, हे येथे डोळ्यांसमोर दिसते.

शतकांच्या नोंदीसाठी जिवंत प्रवाळ पुरत नाहीत. दोन-तीनशे वर्षांपलीकडे जाणारे घुमट विरळा. पॅसिफिकच्या मध्यावरील पाल्मिरा बेटावर वादळांनी किनाऱ्यावर फेकलेले मृत प्रवाळांचे तुकडे पडलेले आहेत. किम कॉब व त्यांच्या सहकाऱ्यांनी युरेनियम व थोरियम यांच्या प्रमाणावरून अशा तुकड्यांचा काळ ठरविला आणि तीसपासून दीडशे वर्षांपर्यंतचे हे खंड जुळवून, गेल्या अकराशे वर्षांतील निरनिराळ्या कालखंडांचा पट २००३ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांनी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारतावृत्तीचे काम जवळून पाहिले वा अभ्यासिले आहे, त्यांना ही पद्धती ओळखीची वाटेल. एका हस्तलिखिताचा पाठ कितीही सुवाच्य असला तरी तो त्या लेखकाचा पाठ; दोन स्वतंत्र प्रती जेथे जुळतात तेथेच त्यामागील मूळ पाठाविषयी बोलता येते. तसेच एका घुमटाची लहर, त्याचा आजार, त्याची स्वतःची वाढ हे सर्व त्याच्या नोंदीत मिसळलेले असते. समकालीन दोन तुकडे ज्या भागात एकमेकांवर पडतात त्या भागात ते कितपत जुळतात, यावर सबंध पटाची किंमत ठरते. पाल्मिराचे तुकडे चढउतारांच्या आकारात चांगले जुळतात. तापमानाच्या सरासरी पातळीत मात्र त्यांच्यात फरक राहतो. म्हणून एल् निनोच्या तीव्रतेविषयी त्यांचा शब्द अधिक मानावा, दीर्घकालीन सरासरीविषयी कमी.

त्या पटातून निघालेला पहिला निष्कर्ष अनेकांस अनपेक्षित होता. एल् निनोची सर्वात प्रखर हालचाल विसाव्या शतकात नसून सतराव्या शतकाच्या मध्यास होती, म्हणजे कारखान्यांच्या धुराचा प्रश्नच नव्हता अशा काळी. कित्येकांनी याचा अर्थ ‘मानवाचा काही संबंध नाही’ असा लावला. तो चुकीचा होय. त्यावरून एवढेच ठरले की, या दोलनात बाह्य कारणाशिवायही मोठे चढउतार होतात, आणि म्हणून अलीकडचा बदल दाखवू पाहणाऱ्यावर पुराव्याचा भार अधिक पडतो. तो भार पुढे उचलला गेला. पाल्मिरा व शेजारील बेटांवरील कितीतरी अधिक तुकडे जमवून २०२० मध्ये याच गटाने दाखविले की, गेल्या पन्नास वर्षांतील एल् निनोचे चढउतार उद्योगपूर्व काळापेक्षा सुमारे एक-चतुर्थांशाने प्रबळ आहेत. पहिल्या निष्कर्षाचे दुसऱ्याने खंडन केले असे समजू नये. प्रती वाढल्या तसा पाठ निश्चित झाला.

हिंदी महासागराचे चित्र याच्याशी मिळतेजुळते आहे. या महासागराच्या पश्चिम व पूर्व भागांच्या तापमानात जे उलटसुलट दोलन होते त्याचे वर्णन साजी, गोस्वामी, विनयचंद्रन व यामागाता यांनी १९९९ मध्ये केले. दोलन एका टोकास गेले की सुमात्राच्या किनाऱ्यावर थंड पाणी वर येते आणि पूर्व आफ्रिकेवर मुसळधार पाऊस पडतो. १९९७ व २०१९ ही त्याची अलीकडील तीव्र वर्षे. सुमात्राजवळील प्रवाळांवरून नेरिली एब्रम व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये गेल्या सहस्रकातील अशा घटना वेचून काढल्या. त्या पूर्वी विरळ होत्या व अलीकडे दाट झाल्या, असे त्यांत दिसते. परंतु सर्वात जबर घटना १६७५ या वर्षाची, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या पुढील वर्षाची आहे. त्या वर्षी आपल्या किनाऱ्यावर काय झाले याचा शोध इतिहासाच्या अभ्यासकांनी जुन्या पत्रव्यवहारातून घ्यावा, अशी सूचना येथे करावीशी वाटते. प्रवाळाच्या कालगणनेस कागदाची जोड मिळाली तर दोन्ही पक्षांचा लाभ होईल.

आता ज्या गोष्टीमुळे हा विषय केवळ पद्धतिविचाराचा राहत नाही तिच्याकडे येतो. स्ट्रॉन्शियम व तापमान यांचा संबंध वर सांगितला; परंतु त्या संबंधास एक उपाधी आहे. अग्नी असला की धूर असतोच असे नव्हे, इंधन ओले असावे लागते, हे न्यायशास्त्रातील प्रसिद्ध उदाहरण आहे. तसाच हा संबंध प्रवाळ निरोगी असेपर्यंतच टिकतो. पाणी फार तापून प्रवाळ पांढरा पडला की त्याची वाढ खुंटते किंवा थांबते, आणि त्या काळात घातलेल्या सांगाड्यातील धातूंचे प्रमाण तापमानाशी जुळत नाही. याचा अर्थ असा की, सर्वाधिक उष्णतेच्या ज्या महिन्यांची नोंद आपणास सर्वाधिक हवी, तेथेच पान कोरे राहते किंवा अक्षर बिघडते. शिवाय जे प्रवाळ तगले त्यांच्याच नोंदी आपल्या हाती येतात.

मृत प्रवाळातूनही नोंद काढता येते हे पाल्मिराने दाखविलेच आहे. मग प्रवाळ मेल्याने संशोधनाचे नुकसान ते काय, असे कोणी विचारील. नुकसान जुन्या लेखाचे नाही, तो वाचण्याच्या किल्लीचे आहे. द्विभाषी नाण्यांवरील ग्रीक अक्षरांच्या आधाराने खरोष्ठी लिपी वाचता आली; ती नाणी नसती तर लेख डोळ्यांसमोर असूनही मुके राहिले असते. प्रवाळविद्येत ही द्विभाषी नाणी म्हणजे जिवंत प्रवाळांचे अलीकडील थर होत, कारण तेवढ्याच काळासाठी एका बाजूस सांगाडा व दुसऱ्या बाजूस यंत्राचे मापन अशा दोन्ही नोंदी आहेत. व्याप्ती तेथेच ठरते आणि मग ती जुन्या तुकड्यांस लावता येते. बोयांची साखळी १९९४ मध्ये पुरी झाली हे आरंभी सांगितले. तिच्या मापनांशी ताडून पाहण्यास लागणारे प्रवाळ त्यानंतरच्या काळात जिवंत असावयास हवेत. किरितिमाती बेटावरील प्रवाळांचा फार मोठा भाग २०१५-१६ च्या उष्णतेत मेला. आपल्या लक्षद्वीपासही १९९८, २०१० व २०१६ मध्ये तडाखे बसले. आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये जगभर प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी घटना चालू असल्याचे जाहीर झाले.

गालापागोसवर हे अगोदरच घडून गेले आहे. तेथील उर्विना उपसागराचा तळ १९५४ मध्ये भूगर्भीय हालचालीने उचलला जाऊन प्रवाळांसह समुद्राबाहेर आला. त्यातील एका जुन्या घुमटातून डनबार व सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये सुमारे १६०० पासून १९५३ पर्यंतची नोंद वाचली. इतकी लांब नोंद पूर्व पॅसिफिकमध्ये दुर्मीळ, परंतु ती नेमकी यंत्रांचा काळ सुरू होण्याआधी संपते. पुढील भाग पाण्यातील जिवंत प्रवाळांनी पुरवावयाचा, तर १९८२-८३ च्या एल् निनोत त्या बेटांवरील प्रवाळांपैकी शेकडा पंचाण्णवच्या आसपास मेले. अगदी उत्तरेकडील वुल्फ बेटाजवळ काही घुमट तगून राहिले होते. त्यांतून काढलेल्या दंडगोलांवरून १९४० ते २०१० पर्यंतची नोंद २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तिच्यात पूर्व पॅसिफिकचे पाणी तापत चालल्याचे स्पष्ट दिसते. उर्विनाच्या नोंदीशी तिचा समाईक काळ १९४० ते १९५३ एवढाच आहे, आणि दोन्ही स्थळांचे पाणी सारखे नाही. उर्विना क्रॉमवेल प्रवाहाच्या थेट वाटेवर आहे, वुल्फ त्यापासून बरेच उत्तरेस. या चौदा वर्षांवर चार शतकांचा सांधा किती भार घेईल, हा प्रश्न सध्या खुला आहे.